पान ११२ वरची नदी

"प्रत्येकी दोन प्रती," मी झेरॉक्सवाल्या साळुंख्यांच्या हातात गुणपत्रिका दिल्या आणि काउंटरवर पडलेलं स्पायरल बांधणीचं एक पुस्तक सहज उघडलं.

मधलंच पान निघालं. त्यावर छापलं होतं: "उजवा तळहात स्वतःकडे वळवा. बोटं डावीकडे, अंगठा वर. अंगठ्यातून उतरून तळहातावरून सरळ खाली जाते ती कृष्णा. तिला पश्चिमेकडून येऊन मिळणारी चार बोटं वरून खाली मोजा. वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना."

मी ते दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटून मुखपृष्ठ पाहिलं. 'भूगोल : संपूर्ण नोट्स'. लेखकाचं नाव नाही. खाली बसस्थानकाजवळच्या एका क्लासचा फोन नंबर.

"साळुंखेकाका, हे कुठून आलं?"

"क्लासवाले देतात छापायला. पोरं रोज मागतात." त्यांनी मशीनचं झाकण दाबून धरलं होतं. "बसतेस का परीक्षेला?"

"नाही. हे वाक्य माझं आहे."

साळुंख्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "मग काय, सवलत देऊ?"

ही गोष्ट २०१० च्या ऑगस्टमधली, साताऱ्यातली. मी नुकतीच भूशास्त्रात बीएस्सी झाले होते आणि एका सर्वेक्षणाच्या नोकरीसाठी अर्ज करत होते. ते वाक्य माझं आहे हे मी इतक्या ठामपणे म्हणू शकले, कारण मी ते कधी लिहिलंच नव्हतं. फक्त बोलले होते. तेही आठ बाय सहाच्या एका खोलीत, भिंतींना गोधड्या टांगलेल्या, समोर एक मायक्रोफोन. म्हणजे ज्यानं हे छापलं, त्यानं ते वाचलेलं नव्हतं. ऐकलेलं होतं.

दुकानातून बाहेर पडताना मला आधी बरं वाटलं होतं, हे कबूल करते. माझं वाक्य छापून आलं होतं. कोपऱ्यापर्यंत पोचेतो राग आला. त्यांनी माझं नाव का घातलं नाही? पोवई नाक्यावर आले तेव्हा कळलं, की रागावण्यात माझा नंबर दुसरा आहे. पहिला शेटे सरांचा.

प्राध्यापक दिनकर शेटे निवृत्त झाल्यावर स्पर्धा परीक्षांसाठी भूगोलाचं दोन भागांचं पुस्तक लिहून स्वतःच छापत होते. चांगलं पुस्तक होतं. जिल्ह्यातली परीक्षा देणारी मुलं त्यावरच अभ्यास करायची. त्यांच्या आधीच्या आवृत्तीची कुणीतरी पानन् पान स्कॅन करून सीडी काढली होती, आणि छापलेल्या प्रती वर्षभर त्यांच्या पलंगाखाली पडून होत्या. त्यामुळे आमच्या अंधांसाठीच्या वाचन केंद्रानं पहिल्या भागाचं ध्वनिमुद्रण करायची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी दोनदा नाही म्हटलं. नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्या वेळच्या कायद्यात आमच्यासारख्यांना मोकळीक नव्हती. तिसऱ्यांदा मी गेले आणि तासभर बसले. शेवटी त्यांनी तीन अटी एका कागदावर लिहिल्या. पाच प्रती, पाच नावांच्या पाच अंध परीक्षार्थींना. छापलंय तसंच वाचायचं, अक्षर बदलायचं नाही. आणि प्रत त्या पाच जणांच्या बाहेर जाणार नाही. खाली मी लिहिलं, 'माझी जबाबदारी', आणि सही केली. नकाशांचं काय करायचं, असं मी विचारलं होतं. "नकाशा तू तुझ्या शब्दांत सांग," ते म्हणाले होते. "त्याला काही इलाज नाही."

नोट्स पिशवीत घालून मी केंद्रावर गेले. हणमंतदादा तिथेच होते. हणमंत यादव, कोरेगावकडचे, त्या पाच जणांतले पहिले. पूर्वपरीक्षा ते पास झाले होते. मुख्य परीक्षा डिसेंबरात होती, आणि वयाच्या अटीप्रमाणे ती त्यांची शेवटची संधी होती. मुख्य परीक्षेला शेटे सरांचा दुसरा भाग लागायचा. त्याची परवानगी मिळाली, की मी सोमवारपासून वाचायला बसणार होते.

"दादा, ऐका," म्हणून मी त्यांना ते पान वाचून दाखवलं.

त्यांनी उजवा हात नकळत वर केला होता. बोटं डावीकडे, अंगठा वर. माझं वाचून संपलं तरी हात तसाच राहिला.

"हे तर तुमचं, पिसाळबाई."

"हे छापलेलं आहे. बाजारात मिळतंय."

"अरे वा. म्हणजे डोळसांनाही आता हात बघून नदी कळायला लागली." ते हसले आणि मग एकदम थांबले. हात खाली आला. "कुठला क्लास म्हणालात?"

मी नाव सांगितलं.

"स्टँडजवळचा? खाली मोबाइलचं दुकान आहे तिथला?"

"हो. का?"

त्यांनी पांढरी काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली. "मी महिन्यापूर्वी त्या दुकानात मेमरी कार्ड दिलं होतं. गाणी भरायला."

त्या काळात सगळेच देत. कार्ड द्यायचं, तासाभरानं भरून परत न्यायचं. दुकानदार कार्ड संगणकाला लावी. त्यात काय काय आहे हे त्याला दिसे.

"त्याच कार्डात भूगोल होता?"

"माझ्याकडं कार्ड एकच आहे, बाई. भूगोलही त्यातच आणि तमाशाची गाणीही त्यातच." त्यांनी खिशातला मोबाइल चाचपला. "नाव 'भूगोल' असंच होतं फोल्डरचं. मीच ठेवलं होतं. सापडायला सोपं जावं म्हणून."

मी टेबलावर नोट्स उघडून बसले. क्लासच्या टायपिस्टनं माझा आवाज ऐकून सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. माझी नकाशांची वर्णनंही पुस्तकातलीच समजून. मला एक गोष्ट पाहायची होती. पुस्तकाचं पान ११२, कृष्णेच्या उपनद्या. नोट्समध्ये यादी होती: वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना. चारच.

"काय शोधताय?" दादांनी विचारलं. पानांचा आवाज त्यांना नीट कळत असे.

"सरांच्या पुस्तकात उरमोडी आणि तारळी यांच्या मध्ये आणखी एक नदी आहे. शेवंती."

"मी तर कधी ऐकली नाही."

"ऐकणार कशी? मी वाचलीच नाही."

तो भाग मी जूनमध्ये वाचला होता. उरमोडीपासून तारळीपर्यंतचा सगळा पट्टा आम्ही तिसऱ्या वर्षाला पायी फिरलो होतो, नकाशा हातात घेऊन, ओढ्या-ओढ्यातला दगड तपासत. तिथे शेवंती नावाची नदी नाही. नकाशाचं वर्णन करताना तर ते आणखीच उघड झालं. हाताला बोटं चार, नद्या चार. शेवंतीला बोट उरत नव्हतं. अशा वेळी वाचकानं काय करायचं याची केंद्राची पद्धत ठरलेली आहे. छापलंय ते वाचायचं, मग 'वाचकाची टीप' असं म्हणून आपली शंका सांगायची, मग 'टीप समाप्त'. मी तसं केलं नाही. छपाईची चूक आहे, असं माझं मी ठरवलं आणि नदी गाळून टाकली. सरांना सांगायचं ठरवलं होतं, पण परवानगी नुकती मिळाली होती, आणि त्यांच्या पुस्तकात चूक आहे हे सांगायची ती वेळ वाटली नाही. पुढे राहून गेलं.

"मग आता?" दादा म्हणाले.

"आता सरांना सांगायचं."

"सांगितलं तर दुसरा भाग देतील?"

"बहुतेक नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर त्यांना कळणार नाही. नोट्समध्ये माझा आवाज नाही, नुसती अक्षरं आहेत."

दादांनी चेहरा माझ्याकडे वळवला. "सांगा," ते म्हणाले. "पण सोमवार ते शनिवार दुसरा भाग वाचून घ्या आणि रविवारी सांगा."

मी नोट्स मिटल्या.

"चेष्टा केली," ते म्हणाले. "निम्मी."

सरांना फोन करायची मला गरजच पडली नाही. त्याच संध्याकाळी त्यांचा आला. "पिसाळ, तुला मराठी टाइप करता येतं ना? उद्या दुपारी लॅपटॉप घेऊन ये. एक महत्त्वाचं पत्र आहे."

शेटे सर गोडोलीत राहत. घर लहान, आणि पुढच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे. काकू जमिनीवर बसून पार्सलं बांधत होत्या. सुतळी दातानं तोडायची त्यांची सवय होती. मला बघून त्यांनी डोळ्यांनीच आत जायला सांगितलं, कारण तोंडात सुतळी होती.

सरांच्या टेबलावर नोट्सचं तेच स्पायरल पुस्तक पडलेलं होतं.

"बस. हे बघितलंस?" सर खूश दिसत होते. "बाजारात आलंय. माझा एक जुना विद्यार्थी घेऊन आला, म्हणाला, सर, तुमचं पुस्तक चोरलं. मी तपासलं. माझं नाही."

"कशावरून, सर?"

"आहे माझ्याकडे एक खूण." ते खुर्चीत मागे रेलले. "ते राहू दे. आधी पत्र घे. दिल्लीला पाठवायचंय."

कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक तेव्हा संसदेच्या समितीपुढे होतं, आणि समितीनं लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. विधेयकात अंधांसाठी एक नवी सूट होती. पण ती ब्रेलसारख्या, फक्त अंधांनाच वापरता येईल अशा प्रतींपुरती. ध्वनिमुद्रण किंवा संगणकावर वाचता येणारी साधी प्रत करायची तर वेगळा परवाना काढावा लागणार होता. देशभरातल्या अंधांच्या संस्था म्हणत होत्या, की ही सूट अपुरी आहे. आमच्या केंद्रात येणाऱ्या एकवीस जणांपैकी ब्रेल सराईतपणे वाचणारे चार होते. बाकीचे ऐकत.

सर सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. "मी एक लेखक व लहान प्रकाशक आहे. ब्रेल प्रतीला माझी हरकत नाही. परंतु ध्वनिमुद्रित प्रतीला परवानगीशिवाय सूट देऊ नये. अशी प्रत कोणीही ऐकू शकतो, व ती एकदा बाहेर गेली की लेखकाच्या हाती काही राहत नाही. माझा स्वतःचा अनुभव मात्र चांगला आहे. मी एका संस्थेस अटींवर परवानगी दिली, व त्या अटी काटेकोर पाळल्या गेल्या. यावरून दिसते की लेखकाची परवानगी हाच योग्य..."

माझी बोटं थांबली.

"काय झालं? 'काटेकोर' येत नाही?"

"सर, हे वाक्य खोटं आहे."

दारात काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या काखेत बांधून झालेलं एक पार्सल होतं. कप ठेवण्यासाठी त्यांनी ते टेबलावर टेकवलं, आणि मला त्यावरचा पत्ता दिसला. खाली त्यांच्याच गोल अक्षरात: 'प्रेषक : सौ. शेवंती दि. शेटे, गोडोली'.

मी पार्सलाकडे पाहत राहिले. इतके दिवस मी जिला छपाईची चूक समजत होते, ती चूक नव्हतीच. तरीही आता मागे फिरता येत नव्हतं.

"सर, तुमची खूण शेवंती नदी आहे का?"

सरांनी काकूंकडे चटकन पाहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

"ती जागेवर नाही. मी तो भाग चालले आहे. म्हणून वाचताना मी ती गाळली. तुमची अट मोडून. आणि या नोट्समध्ये ती नाही, कारण या नोट्स माझ्या वाचनावरून टाइप केल्या आहेत." मी तळहाताचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "हे माझे शब्द आहेत. तुमच्या पुस्तकात नाहीत. पाचपैकी एक प्रत बाहेर गेली. ज्याच्याकडून गेली त्यानं कार्ड गाणी भरायला दिलं होतं, आणि दुकानदारानं उतरवून घेतलं. जबाबदारी माझी आहे. तसं मी लिहून दिलंय."

सरांनी ते पान वाचलं. वाचताना त्यांनी उजवा हात थोडासा वर केला आणि लगेच खाली घेतला.

"म्हणजे मी जर काल पोलिसांत गेलो असतो," ते सावकाश म्हणाले, "तर ते म्हणाले असते, दाखवा तुमची खूण. आणि माझी खूण तू पुसून ठेवलेली."

"हो."

"आणि तू गप्प बसली असतीस तर मी हे पत्र असंच पाठवलं असतं."

"हो, सर."

"दुसऱ्या भागाची परवानगी नाही," सर म्हणाले. "पहिल्या भागाच्या प्रतीही परत घे. पत्र पूर्ण कर. 'काटेकोर'चं वाक्य खोड आणि खरं काय झालं ते लिही. समितीला कळू दे."

"एक मिनिट," काकू म्हणाल्या. त्या अजून टेबलाजवळच उभ्या होत्या. "कुठली नदी?"

सरांनी चहाचा कप पुढे ओढला.

"शेवंती नदी म्हणाली ही पोरगी. मी ऐकलं. माझ्या नावाची नदी आहे तुमच्या पुस्तकात?"

"तू कधी पुस्तक उघडून बघितलंस का?" सर म्हणाले.

"मी बांधते. वाचायला तुम्ही आहात." त्यांनी पदराला हात पुसले. "किती वर्षं आहे?"

"अकरा. अगं, नकाशे करणारे असं करतात. एक खोटी जागा टाकायची. चोरानं उचलली की पकडला जातो. गावाचं नाव टाकलं असतं तर कुणी तरी तिथलं निघालं असतं. म्हणून नदी टाकली. आणि नाव काय ठेवायचं, तर..." ते थांबले.

"तर माझं. खोट्या नदीला." काकूंच्या आवाजात राग आहे की हसू, मला कळेना. मग त्यांचा चेहरा बदलला. "अहो, भुईंजच्या मुलाचं पत्र आलं होतं बघा. मी तुम्हाला फोडून दिलं होतं. 'तुमच्या पुस्तकात आहे ती नदी मी लिहिली आणि एका गुणानं राहिलो.' तुम्ही म्हणालात, छापखान्याची चूक आहे, पुढच्या खेपेला सुधारू. ती हीच का?"

सर टेबलाच्या खणाकडे बघत होते. उघडला नाही, नुसते बघत होते. ते पत्र त्या खणात आहे हे माझ्या लक्षात आलं, आणि काकूंच्याही.

"त्याचं पुढं काय झालं?" काकूंनी विचारलं.

"माहीत नाही."

"चोर किती सापडले?"

"एकही नाही," सर म्हणाले.

काकू दाराशी खाली बसल्या आणि पुढच्या खोलीतल्या पार्सलाची सुतळी ओढायला लागल्या. बांधत मात्र नव्हत्या.

मला वाटतं, मी आयुष्यात योग्य वेळी बोलले असेन तर ती हीच. "सर, मी तुमचा मजकूर बदलला ते चुकलं. मला तो हक्क नव्हता. मी टीप द्यायला हवी होती. पण खूण ठेवायला खोटं लागतंच असं नाही."

"म्हणजे?"

"या नोट्स कुठून आल्या हे मला कसं कळलं? तळहातावरून. ते वर्णन खरं आहे. त्यानं कुणाचा गुण जात नाही. पण ते जगात एकाच ठिकाणी होतं. मी पाचही प्रतींत एकच वर्णन दिलं, ही माझी दुसरी चूक. प्रत्येक प्रतीत प्रत्येक नकाशाचं वर्णन वेगळं केलं, तर बाहेर गेलेली प्रत कुणाची, हे एका पानावरून सांगता येईल. एकात तळहात. एकात मोठा रस्ता आणि त्याला मिळणाऱ्या चार गल्ल्या. एकात चार दातांची फणी. सगळी खरी, सगळी वेगळी."

"दुसऱ्या भागात नकाशे किती आहेत माहीत आहे का?"

"नऊ. म्हणजे पंचेचाळीस वर्णनं. मी करते."

"आणि या वेळी कोणी कार्ड कुठल्या दुकानात दिलं तर?"

"तर ते कोणी दिलं हे तुम्हाला कळेल, आणि ते त्यालाही आधीपासून माहीत असेल. सर, तुमची मागची आवृत्ती छापील पुस्तकावरून स्कॅन झाली. तेव्हा मध्ये कुणी अंध माणूस नव्हता."

"या वेळी होता."

"या वेळी होता," मी मान्य केलं. "त्यानं मला स्वतःहून सांगितलं. मी विचारायच्या आधी."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ ते नोट्सच्या त्या पानावर बोट फिरवत राहिले. मग उजवा हात उचलून स्वतःकडे वळवला. बोटं डावीकडे, अंगठा वर. या वेळी लपवलं नाही.

"तीस वर्षं शिकवलं मी हे," ते म्हणाले. "फळ्यावर काढून दाखवायचो. मागच्या बाकावरच्यांना दिसायचं नाही." हात खाली ठेवून त्यांनी विचारलं, "हा माणूस कोण? गाणी भरणारा."

"हणमंत यादव. डिसेंबरात शेवटची संधी आहे त्यांची."

"त्याला उद्या घेऊन ये. आधी पत्र पुरं करू. 'अटी काटेकोर पाळल्या गेल्या' हे काढ. लिही: अटी मोडल्या गेल्या, व चूक दोन्ही बाजूंची होती."

मी लिहिलं. पुढचं पत्र पूर्ण व्हायला अडीच तास लागले, कारण आम्ही प्रत्येक वाक्यावर भांडलो. मला सरसकट सूट हवी होती. त्यांना नोंदवही हवी होती, की कोणती संस्था, कोणासाठी, किती प्रती. मी म्हटलं, नफा न घेणाऱ्या संस्थेनं नोंद ठेवावी, पण परवानगीसाठी थांबू नये, कारण परीक्षा थांबत नाही. ते म्हणाले, मजकुरात बदल करायचा नाही हे ठळक लिही. मी म्हटलं, ठळकच लिहिते. शेवटी जे पाठवलं त्यात पहिलं वाक्य होतं, की सूट ब्रेलपुरती ठेवू नये, अंध व्यक्ती ज्या स्वरूपात वाचते त्या प्रत्येक स्वरूपाला द्यावी. त्याखाली सरांची सही. समितीनं ते वाचलं की नाही, मला माहीत नाही. तशी शेकड्यांनी पत्रं गेली असणार. दोन वर्षांनी कायदा बदलला, आणि सूट सगळ्या स्वरूपांना मिळाली.

निघताना काकूंनी मला थांबवलं. "त्या उरलेल्या पुस्तकांचं काय करायचं? त्यातही आहे ना ती?"

"काकू, छोटी चिठ्ठी छापून चिकटवता येईल. शुद्धिपत्र."

"काय लिहायचं?"

मी वहीच्या कागदावर लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. साळुंख्यांच्या दुकानात त्या चिठ्ठ्यांच्या प्रती निघाल्या, आणि काकूंनी त्या एकेक करून प्रत्येक प्रतीच्या पान ११२ वर स्वतःच्या हातानं डकवल्या. एक भुईंजला पाठवली, नुसती चिठ्ठी नाही, सरांच्या पत्रासह. त्यावर काय उत्तर आलं हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हणमंतदादा सरांसमोर बसले. सर म्हणाले, "माझं पुस्तक तमाशाच्या गाण्यांबरोबर ठेवलंत?" दादा म्हणाले, "सर, कार्डात जागा कमी होती. गाणी काढली, पुस्तक ठेवलं. मग गाणी परत भरायला दिली." सर हसले नाहीत, पण त्यांनी दुसऱ्या भागाच्या परवानगीचा कागद पुढे ओढला आणि सही केली. दादांनी त्याच वेळी कृष्णेच्या नकाशासाठी आणखी एक वर्णनही सुचवलं. "गाईची सडं," ते म्हणाले. "चारच असतात, आणि आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही." ते वर्णन त्यांच्याच प्रतीत गेलं.

दुसरा भाग मी सोमवारी सुरू केला. पण त्याआधी रविवारी पान ११२ पुन्हा वाचलं, नियमाप्रमाणे. "वेण्णा, उरमोडी, शेवंती, तारळी, कोयना. या पानावर शुद्धिपत्र चिकटवले आहे. 'पान ११२ वरील शेवंती ही नदी अस्तित्वात नाही. वाचकांनी ती पाठ करू नये. सौ. शेवंती शेटे.' शुद्धिपत्र समाप्त."

आज मी नकाशे करणाऱ्या संस्थेत काम करते, आणि सवड मिळेल तशी अजून वाचते. आता परवानगी लागत नाही. तरी पुस्तक वाचून झालं की मी लेखकाला दोन ओळी पाठवते, की तुमचं पुस्तक अमुक जण ऐकत आहेत. हणमंतदादांना डिसेंबरात यश आलं. ते कराडला असतात, कोयना कृष्णेला मिळते तिथून चालत दहा मिनिटांवर. ते सगळं दुप्पट वेगानं ऐकतात, तेव्हाही ऐकायचे. त्या रविवारी नवी फाइल कानाला लावून त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि इअरफोन काढला.

"बरोबर आहे का?" मी विचारलं.

"बरोबर आहे," दादा म्हणाले. "तुमची शेवंती चार सेकंद वाहिली."